गोडा मसाला आत, मी बाहेर

अन्याय झाला माझ्या सुमनमावशीवर. साथीच्या दुसऱ्या वर्षी, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वाअकराला, नोएडातल्या तिच्या सोसायटीच्या फाटकावर. नोंद करून ठेवा.

मावशी केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेली, एकटी. "आता कोण येतंय दिल्लीला," असं ती फोनवर म्हणाली आणि मी पुण्यात चिडून तिकीट काढलं. लोक म्हणे विषाणूला भिऊन प्रवास टाळतात. साफ खोटं! घरातला पहिला प्रश्न होता, "शेजारी काय म्हणतील?" दुसरा, "जातेच आहेस तर एवढं नेशील?" दिल्लीला निघालेला पुणेकर हा माणूस नसतो, टेम्पो असतो. मावशीसाठी आणि तिच्या मराठी शेजाऱ्यांसाठी मेतकूट, भाकरवडी, गोडा मसाला. वीस किलो.

निजामुद्दीनला उतरून मेट्रो धरली. तिथे मसाल्याचा एक पुडा फुटला. मला शिंक आली. एकच. अर्धा डबा पुढच्या स्टेशनावर उतरला.

फाटकावर गार्डने कपाळावर बंदूक (ताप मोजायची) रोखली. ताप नव्हता. रिपोर्ट निगेटिव्ह. तरी समितीचे सेक्रेटरी कुलकर्णीकाका खाली आले.

"अच्छा, पुण्याहून? मग वर नाही जाता येणार, बेटा. तिकडे केसेस वाढतायत."

"काका, तुम्ही कुठले?"

"मूळचे पुण्याचेच!" छाती फुगली. मग नजर पिशवीवर गेली. "गोडा मसाला आलाय का? तो ठेव इथे. फवारून घेतो."

"तोही पुण्याहूनच आलाय."

"मसाल्याला ताप येतो का?"

मी पिशवीवर बसले. "आम्ही दोघं एकत्रच वर जाणार."

काकांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. या वेळी चष्मा लावून. "चलो. पण लिफ्ट नाही, जिन्याने."

सात मजले. धापा टाकत मावशीला माझा विजय सांगितला. तिने पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही. माझा मास्क नीट केला आणि म्हणाली,

"फाटक आत्ता लागलं गं. नोकरीत असताना दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला माझं सरकारी क्वार्टर होतं, त्याला तर फाटकच नव्हतं. तेव्हा कोण आलं? पुडे आले."

चार दिवस राहिले. परतताना गाडीत खिडकीशी बसून हिशेब लावत होते, मी स्वतः याआधी कधी गेले होते? कधीच नाही.

तेव्हा वरची नोंद खोडा. अन्याय मंगळवारचा नाही, आणि काकांचा एकट्याचा तर नाहीच.

तुमचीही कुणी सुमनमावशी असेल. जाणाऱ्याच्या हाती पुडा देऊ नका. चाचणी करा, मास्क लावा, तिकीट काढा आणि स्वतः जा. या आठवड्यात.