लग्नं दुसरीकडे लावा!

हरणाऱ्या टीमच्या चाहत्यांकडे कप नसतात, किस्से असतात. आमच्याकडे तर, कांदे साठवतात तशी, किश्शांची चाळच भरली होती. एक काढायला जावं तर चार घरंगळत यायचे. यंदा मात्र कपही आला आणि किस्सेही! द्वारका चौकाजवळच्या टपरीवर आम्ही कॉलेजचे माजी विद्यार्थी चहाला जमलो की आता दुसरा विषयच नसतो.

सुरुवात चेअरमन साहेबांपासून. त्यांनी वर्षारंभीच जाहीर केलं, की कॉलेजच्या मैदानावर लग्नाचं लॉन्स होणार. मग मुलींच्या खो-खो टीमने खेळायचं कुठे, असं आमच्यातल्या बापूने भर मीटिंगमध्ये विचारलं. बापूचा टेम्पो आहे आणि तोंड टेम्पोपेक्षा मोठं आहे.

साहेब म्हणाले, "काय जिंकलंय हो तुमच्या मुलींनी आजवर?"

बापू म्हणाला, "आणि लॉन्सवर कोण काय जिंकणार आहे? नवरदेव?"

मीटिंग तिथेच संपली!

*

पहिली मॅच शहरातल्या एका बड्या कॉलेजशी. त्यांच्या मुलींना एकसारखे ट्रॅकसूट, सोबत फिजिओ, हातात प्रोटीन शेक. आमच्या मुली पेठ-सुरगाण्याकडच्या. सावली बघून नागलीची भाकरी आणि ठेचा खात बसलेल्या. त्यांच्या मॅनेजरने आमच्या कॅप्टनला, मंगलला, हसत विचारलं, "हे तुमचं डाएट का?"

"नाय सर, हा नाश्ता. जेवण तुमची मॅच झाल्यावर!"

डावाने जिंकलो. जेवायला अजिबात उशीर झाला नाही.

*

नलूताई ही आमच्या वेळची कॅप्टन, आता बँकेत आहे. सेमीफायनलसाठी तिने 'घरात कार्य आहे' सांगून रजा घेतली. संध्याकाळी लोकल चॅनेलवर नलूताई! केस सुटलेले, गळ्यात शिट्टी, पंचांकडे बोट दाखवून ओरडतेय. दुसऱ्या दिवशी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, कार्य कसं झालं?"

"उत्तम झालं सर! पंचांचा मानपान तेवढा राहिला."

*

फायनल आली ती ऐन द्राक्षांच्या सीझनमध्ये. पिंपळगाव बसवंतला माझं पॅकहाऊस आहे. बायको म्हणाली, "माल पडलाय आणि तुम्ही पोरींच्या खेळाला निघालात?" मी म्हणालो, "निघालो!" बापूने माझेच रिकामे क्रेट टेम्पोत भरले, बडवायला. गेटवर सिक्युरिटीने अडवलं.

"वाद्यं आत नेता येणार नाहीत."

"वाद्यं कुठायत? द्राक्षांचे क्रेट हायत."

"मग द्राक्षं कुठायत?"

"जिंकल्यावर आणतो!"

आणली. पंचांना वाटली, हरलेल्या मुलींनाही पोटभर दिली. क्रेट मात्र सगळे फुटले. मंगलने कप उचलला तेव्हा मी, पन्नाशीचा बाप्या, हमसून हमसून रडत होतो. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. आमचं कॉलेज आहे, आम्ही रडणार!

*

सत्कार झाले. साहेबांनी कपाला हात लावून फोटो काढून घेतले. आणि पुढच्याच आठवड्यात मैदानावर जेसीबी आला! लॉन्सचं आधीच ठरलं होतं म्हणे. नलूताईचा फोन आला तसे आम्ही सगळे हातातली कामं टाकून धावलो.

पोचलो तर मुली आमच्या आधी हजर. आठ जणी मैदानाच्या मधोमध रांगेत बसलेल्या, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे, अगदी मॅचमध्ये बसतात तशा. मंगल तेवढी उभी. समोर जेसीबी घरघरत थांबलेला.

तेवढ्यात साहेब गाडीतून उतरले. "उठा गं मुलींनो! चला, बाजूला व्हा!"

एकीनेही मान वळवली नाही.

"खो मिळाल्याबिगर उठलं तर फाऊल होतो, साहेब," मंगल म्हणाली.

"मग दे ना खो!"

मंगलने सगळ्या मैदानावर एकदा नजर फिरवली.

"कसा देऊ? पुढं पळणारं कोणी नाय," ती म्हणाली. "तुम्ही पळता का?"