मानेची शीर

परवा कपाट आवरताना स्पिरिटचा वास आला आणि पिंपरीच्या दवाखान्यातली, पंचेचाळीस वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवली.

भोसरीच्या वर्कशॉपमधल्या शंकररावांचं पोट आणि पाय सुजले होते. हृदयाची झडप खराब आहे असं समजून मी ऑपरेशनची चिठ्ठी लिहिली होती. आमच्या मोठ्या मॅडम मात्र त्यांच्या मानेकडे बघत राहिल्या.

"शंकरराव, हळू श्वास घ्या."

श्वास आत जाताना मानेची शीर उतरते. त्यांची उलट फुगली.

"झडप चांगली आहे," मॅडम म्हणाल्या. "हृदयाभोवतीचं आवरण दगडासारखं झालंय. हृदयाला फुलायला जागाच नाही."

बाजूने काढलेल्या एक्स-रेत हृदयाभोवती पांढरी कड दिसली. मी थक्क झाले.

मुंबईत ते आवरण सोलून काढलं. काही महिन्यांनी शंकरराव सायकलवरून आले, मागे कॅरिअरवर बायको.

"चढाला बी मला उतरवलं न्हाई," ती म्हणाली.