रांजणावरचा अंगठा

"दादा, तुझा रांजण वाईन पितोय. काठोकाठ भरली होती, दोनदा खाली गेली. येऊन बघ. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला आहे, नाहीतर उचलून तुझ्याच दारात आणून ठेवला असता."

धाकट्या बहिणीची चिठ्ठी वाचून कुंभाराचा पारा चढला. माणूस मुळातच संशयी. माती घेताना जिभेवर ठेवून बघणार, भट्टी पेटली की बायकोलाही जवळ फिरकू देणार नाही. पुरुषभर उंचीचा रांजण तो मातीच्या वळ्या एकीवर एक चढवत उभा करी. खालची सुकून घट्ट झाल्याशिवाय वरची नाही. आतून मधमाशांचं मेण फिरवलं की थेंब झिरपायची बिशाद नव्हती. वाईन मुरवायला वाईनवाले त्याच्या शब्दावर रांजण जमिनीत पुरत. एक गळका निघाला, तर बाकीच्यांवर कोण भरवसा ठेवणार?

"मग जाते कुठे?" बायकोने विचारलं.

"मेव्हण्याच्या घशात."

"अहो, त्यांना वासानेसुद्धा मळमळतं म्हणतात."

"म्हणतं कोण? तोच ना?"

तो बहिणीकडे गेला. तळघरात मेव्हण्याने स्वतः दिवा धरला, बसायला स्टूल आणलं. एवढी आदब बघून कुंभाराचा संशय पक्का झाला. त्याने रांजण पुन्हा काठोकाठ भरायला लावला, झाकणाच्या कडेने ओली माती लिंपली आणि तिच्यावर अंगठा दाबला. त्या अंगठ्यावर भट्टीत भाजल्याचा व्रण होता; तसा ठसा दुसऱ्या कुणाला उठवणं शक्य नव्हतं.

"हिवाळा सरला की मीच येऊन उघडेन. ठसा मोडला असेल, तर चोर घरातला."

"आणि ठसा शाबूत, पण वाईन कमी असली तर?" बहिणीने विचारलं.

कुंभार हात पुसत राहिला. मेव्हणा नुसता हसला.

हिवाळा सरला. निरोप आला: ठसा जसाच्या तसा आहे, कधी येतोस?

कुंभाराने गुडघा दुखतो असं कळवलं.

"गुडघा दुखतोय की माती?" बायको म्हणाली.

त्याने त्या रांजणाच्या खेपेची उरलेली माती पुन्हा जिभेवर ठेवून बघितली. मेव्हण्याने विचारलं, "दादा, आम्हीच उघडू का?" तर उलट टपाली उत्तर गेलं, "ठशाला हात लावायचा नाही."

झाकण उचकटायची पहार त्याने आपल्या दाराशी काढून ठेवली होती. ती तिथेच गंजली.