मोळी पडली की निघायचं

कारखान्याची मोळी पडली त्या दिवशी आम्ही गाव सोडलं. हंगामाचा पहिला ऊस पूजा करून गव्हाणीत टाकतात, त्याला आमच्याकडे मोळी पडली म्हणतात. गावात पेढे वाटणं चाललं होतं आणि मी किल्लारीच्या फाट्यावर लेकीचा, अनूचा हात धरून लातूरच्या जीपची वाट बघत उभी होते. समोरून ऊसतोड टोळीचा ट्रॅक्टर आला. भांडी, कोंबड्या आणि कडेवरची लेकरं लादलेला. ज्या धुरातून आम्ही निघालो त्याच धुरात त्यांची लेकरं आता कोप्यांत, पाल्याच्या झोपड्यांत, राहणार होती. माझे सासरे, आबा, पोचवायला आले होते. म्हणाले, "लेकराचा दम बसला की ये माघारी. घर काय पळून चाललंय व्हय?"

अनूला दमा आहे. तुम्ही गावातल्या सगळ्यांनी तिची छाती वाजताना ऐकली आहे. कारखान्याच्या चिमणीची काजळी वाळवणावर पडायची, ती झटकून आपण पापड भाजायचो. तोड झाली की रानारानांत पाचट, उसाचा वाळला पाला, पेटायचं आणि अनू रात्रभर उशीला टेकून बसायची. पण त्याच उसावर आमची चूल पेटते, तेव्हा धुराला नावं ठेवायची कुणी? डॉक्टरांनी हंगामात तिला इथून हलवा म्हणून सांगितलं. मालकांना, अनूच्या बापाला, शेती सोडता येईना, मग आम्ही दोघीच निघालो.

लातुरात खोली बघताना मी खेड्यातल्या बाईचं डोकं चालवलं. गर्दीत कशाला, शहराच्या कडेला मोकळ्या हवेत राहू. खिडकीतून रान दिसायचं, मी खूश! थंडी पडली आणि त्याच रानातल्या वीटभट्ट्या पेटल्या. आगीतून उठून फुफाट्यात, दुसरं काय. मग शहरात आत सरकलो, तर तिथं डाळमिलचा भुसा, खोदून ठेवलेला रस्ता आणि सकाळी पेटवलेला कचरा. इन्हेलर, स्पेसर, नेब्युलायझर हे शब्द मी आता मीठ-मिरचीसारखे बोलते. पुण्या-मुंबईला गेलेल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही शाळा बघून घर घेतलंत. मी हवा बघून घेतलं आणि तीच मला मिळाली नाही.

यंदा संक्रांतीच्या सुमारास आबांचा फोन आला. "औंदा आपल्या रानात काडी लावली न्हाई. पाचट कुजवायलोय. घिऊन ये लेकीला." म्हातारा चळला म्हणून भावकी हसली होती म्हणे. मला रडूच आलं. नातीसाठी त्या माणसानं आयुष्यभराची रीत मोडली होती.

आम्ही गेलो. अनू पाचटावर लोळली, आबांच्या मागं मागं बांधावरून पळाली. दुपारी शेजारच्या रानात कुणीतरी पेटवलं आणि वारं आमच्याकडं वळलं. आबा टॉवेल हलवत तिकडे धावले, "अरं इझवा, इझवा!" म्हणत. पेटलेलं पाचट कुणाच्यानं विझतंय? अनूच्या बरगड्या आत ओढल्या जायला लागल्या, ओठ निळे पडले, इन्हेलरनं काही फरक पडेना. मालकांनी गावातली एक जीप बोलावली आणि आम्ही औशाचा दवाखाना गाठला.

वाफ आणि इंजेक्शन दिल्यावर तिला झोप लागली. ह्या खेपेला वाचली, पुढच्या खेपेचं काय, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. ते काय सांगणार होते?

तुम्ही फोनवर विचारता, आता घर कुठलं, गावचं की लातूरचं? मला वाटतं, जिथं लेकराला श्वास घेता येतो ते घर. तसं घर आम्हाला अजून सापडलेलं नाही आणि सापडेल असं मला वाटतही नाही.

त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर आबा बसून होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "पोरी, हंगामात मी मेलो तरी हिला आणू नको."

अशा वेळी सून म्हणते, असं अभद्र बोलू नका आबा.

मी म्हटलं, "बरं."