आंबट झाडं कापणारा शहाणा

माझी आत्या सफरचंदाच्या बागेत एकतीस वर्षं कलमं बांधत आली. तिची गोष्ट शांतपणे सांगणं मला जमत नाही. तिथल्या धाकट्या मालकाचा चेहरा आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

बागेत गोड फळांची नऊशे झाडं आणि त्यांच्यात मधूनमधून आंबट, खुरट्या फळांची चाळीस. थंडीतली छाटणी उरकून आत्या गुडघ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात गेली आणि या शहाण्याने ती चाळीस झाडं मुळापासून तोडली. का, तर जागा फुकट अडते! तिला एकदा विचारावं, एवढंही त्याला सुचलं नाही.

कळलं तशी ती कुबडी टेकत त्याच्या ऑफिसात गेली.

"अहो, नऊशे दिसली तरी सगळी एकाच झाडाची कलमं आहेत. म्हणजे झाड एकच. मधमाशीने याचा पराग त्याला नेला तरी फूल तो आपलाच म्हणून ओळखतं आणि अर्ध्या वाटेत अडवतं. त्याला दुसऱ्या जातीचा लागतो, त्या आंबट झाडांचा. फुलं येतील, फळ धरणार नाही."

"मावशी, झाडाला काय कळतं?" तो हसला.

बहर आला. बाग पांढरीशुभ्र झाली, मधमाश्या राब राब राबल्या आणि फुलं देठासकट गळून पडली. तोडणीच्या दिवशी टोपल्या रिकाम्या. तर हा सगळ्या मजुरांसमोर म्हणतो कसा, "मावशींनी छाटणी बिघडवली! पंपाजवळची ती चार झाडं बघा. तिथे यांची कात्री फिरली नाही, म्हणून लगडलीत." एकतीस वर्षांचं नाव त्याने दोन वाक्यांत मातीत घातलं.

आत्या लंगडत पंपाजवळ गेली, एका झाडाच्या आतल्या फांदीवरचं फळ तोडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"खा."

त्याने चावा घेतला आणि थुंकून टाकला.

"कलम शिकत होते तेव्हा मी बांधलेली आंबट फांदी आहे ही. तेवढी एक तुमच्या करवतीतून सुटली. ही चारही झाडं तिच्या परागावर लगडलीत."

त्याचा आवाज एकदम खाली आला. "मग आता काय करायचं, मावशी?"

"ओळी-ओळीत पुन्हा आंबट फांद्या बांधायच्या. मग फुलांची तीन-चार वर्षं वाट बघायची."

तिने कलमाचा चाकू पदराला पुसला, मिटला आणि आपल्या पिशवीत टाकला.

"बांधणारं माणूस मात्र तुमचं तुम्ही शोधा."