आबांचा पाय

त्या दिवशी सकाळपासून आभाळ दाटलं होतं, पण थेंब पडेना. हवा इतकी दमट, की आमच्या खोलीचं दार चौकटीत अडकलं. असल्या हवेत लाकूड फुगतं आणि मला जुनं आठवतं. सुतारकामाचे किस्से म्हणजे भुसा. रोज झाडा, तरी कोपऱ्यात साचतोच!

मी शाळा पाहिली नाही. रंधा आता हातात राहत नाही. पनवेलात कुणाच्या नव्या फ्लॅटमध्ये लाकडी फ्लोअरिंग बसलं, की सलीम मिस्त्री मला तपासायला नेतो. मी चपला काढतो, डोळे मिटतो आणि पाय घासत सावकाश चालतो. सांधा वर आला असेल, पट्टी खालून पोकळ असेल, तर तळव्याला कळतं. सलीम गिऱ्हाइकांना सांगतो, "आबांचा पाय खोटं बोलत नाय!"

*

करंजाड्यात एका साहेबांनी लेझरचं मशीन आणलं. मशीनच्या मते सगळं लेव्हलमध्ये. मी म्हटलं, "खिडकीजवळची ती पट्टी उचला."

साहेब हसले. पट्टी उचलली. खाली तंबाखूची पुडी!

"या अल्ला!" सलीम म्हणाला. "दोन दिवस शोधतोय!"

*

पळस्प्याच्या एका बाईंना भिंतीकडेची फट नको होती. मी म्हटलं, "ताई, लाकडाला फुगायला जागा लागते."

"पाहुणे काय म्हणतील?" त्यांनी अगदी भिंतीला भिडवून घेतलं.

श्रावणात फोन आला, "आबा, आमचा सोफा टेकडीवर चढलाय!"

*

एका रिटायर्ड मास्तरांनी मुलगा परदेशातून येणार म्हणून त्याच्या खोलीत लाकूड बसवलं. तीन वर्षांनी मला परत बोलावलं. मी म्हटलं, "सर, एक ओरखडा नाय. जमीन जशीच्या तशी नवी."

"तेच दाखवायला बोलावलं," ते म्हणाले.

*

यंदा पायाला मुंग्या येऊ लागल्या. साखर जुनीच. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला लावले. बराच वेळ गेला. मी विचारलं, "सुई कधी टोचताय?"

"पाच ठिकाणी टोचून झाली, आबा."

सलीमला काही बोललो नाही. हे एवढंच काम उरलंय. पाय गेला म्हटलं, तर मला बोलावणार कोण? तेव्हापासून काठी ठोकतो, आवाज ऐकतो, भागवतो.

*

त्या दमट दिवशी स्टेशनजवळच्या एका फ्लॅटमध्ये गेलो. वीज अजून जोडलेली नव्हती, खोल्या अंधारलेल्या. घरच्या पोरीच्या कडेवर बाळ.

"उद्या राहायला येतोय आबा. हा नुकताच रांगायला लागलाय. कुठे काही टोचणार नाही ना?"

मी काठी ठोकत फिरलो. पोकळ कुठेच नव्हतं.

"काठीने नको ना! पायानेच बघा. सलीमभाई म्हणाले, तुमचा पाय खोटं बोलत नाही."

सलीम माझ्याकडे बघत होता. मी चपला काढल्या, डोळे मिटले. भिंतीपासून भिंतीपर्यंत, दारापासून बाल्कनीपर्यंत चाललो. कुठेच काही लागलं नाही.

"बाळाला खुशाल सोडा," मी म्हटलं. चपला घातल्या आणि रिक्षाने घरी आलो.

आमच्या बिल्डिंगचा जिना ओला होता, म्हणून चपला हातात घेऊन चढलो. वर शेजारच्या कमलताई खराटा घेऊन उभ्या होत्या. माझ्या मागे जिन्याकडे बघत म्हणाल्या,

"अहो आबा, आत्ताच धुतला की मी जिना. हे पायरीपायरीवर लाल पाऊल कुणाचं?"