नातीचे जुने शब्द आणि माझी थाप

मी चौथी पास. पुढं सुतारकाम केलं, त्यावर मुलाला इंजिनियर केलं, आणि म्हातारपणी त्याच्याकडं अमेरिकेत, एडिसनला येऊन राहिलो. दोन हजार पाच-सहा सालची ही गोष्ट. माझी नात तेव्हा कॉलेजात होती आणि ती काय शिकते हे मी सगळ्यांपासून लपवून ठेवलं होतं.

ती शिकत होती हजार वर्षांपूर्वीचं इंग्रजी. त्यातही, आनंदाला त्या काळी कोणकोणते शब्द होते यावर तिला मोठा निबंध लिहायचा होता. आता आमच्या मराठी मंडळात म्हातारे भेटले की पहिला प्रश्न 'तब्येत काय म्हणते' आणि दुसरा 'नात काय करते'. कुणाची डॉक्टरकीला, कुणाचा नातू सॉफ्टवेअरात. मी खाली मान घालणारा नाही. म्हणालो, "कॉम्प्युटर." एकदा म्हटलं ते मग निभवावं लागलं. दोन वर्षं निभावलं.

शनिवारी ती घरी यायची. मी लसूण सोलत बसायचो, ती समोर वही घेऊन.

"आजोबा, हा वर्ड ऐका. ग्ली. तेव्हा गाणं, वाजवणं, खेळ, सगळं यात यायचं. मराठीत काय म्हणाल?"

"मौज."

"आणि नुसतं आतून छान वाटतं, ते?"

"ते समाधान. त्याला आवाज नसतो."

ती लगेच लिहून घ्यायची. माझं बोलणं कुणी लिहून घेतंय, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. एकदा तिनं एक अक्षर काढून दाखवलं. उभी दांडी आणि तिला वर त्रिकोणी झेंडा. त्याचं नाव विन, म्हणजे हर्ष. पुढं ते अक्षर वापरातून गेलं म्हणे. मला वाईट वाटलं.

हे सगळं मला आवडायचं. तरी मंडळात गेलो की तोंडातून कॉम्प्युटरच. पोरीला कळलं तर पुन्हा वही घेऊन समोर बसेल का, याची धास्ती होती.

पाडव्याचा कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. त्या वर्षी तीही आली. जेवणाच्या रांगेत मंडळाचे सेक्रेटरी तिला म्हणाले, "बरी सापडलीस! आजोबा सांगतात, तू कॉम्प्युटरमध्ये एकदम हुशार. आपली वेबसाइट बंद पडलीय, जरा बघून दे की."

हातात कागदी प्लेट धरून ती माझ्याकडं बघत राहिली. तिनं खरं सांगितलं असतं तर मी चारचौघांत खोटा ठरलो असतो, म्हणून गप्प राहिली पोरगी. मला वाचवत होती. ते काही मला सोसेना.

"अहो, मी थाप मारली," मी म्हणालो. आवाज जरा मोठाच निघाला. "ती कॉम्प्युटर नाही शिकत. जुनं इंग्रजी शिकते. आनंदाचे शब्द."

मागं एक रिटायर इंजिनियर उभे होते. "काका, त्यात नोकरी कुठं मिळते?"

"मला काय विचारता, मी चौथी पास. पण त्या जुन्या इंग्रजीत हर्षाला एक अख्खं अक्षर होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं का? एवढं शिकलात ते?"

"नव्हतं बुवा," म्हणाले, आणि तेच आधी हसले.

"मग हिला विचारा."

पुढच्या एक काकू वळून म्हणाल्या, "अगं सांग की! पण पुढं सरकत सांग, पोळ्या गार होतायत."

ती सरकत सरकत सांगत गेली, रांग ऐकत गेली. सेक्रेटरी तेवढे हळहळले, "म्हणजे वेबसाइट तशीच राहिली."

टेबलाशी बसल्यावर तिनं विचारलं, "आजोबा, तुम्हाला माझी लाज वाटत होती?"

"हो." आणखी खोटं बोलायची ताकद नव्हती. "लोकांपुढं वाटायची. घरी कधीच नाही."

"दॅट्स वर्स," ती म्हणाली. बराच वेळ पोळीचे तुकडे करत राहिली. "आणि आता?"

"आता भूक लागलीय."

तिला हसू आलं. नको असताना आलं, पण आलं. माझ्या खांद्यावरची तुळई कुणीतरी खाली उतरवावी तसं झालं. मी पुरणपोळीवर तूप ओतून घेतलं, ती संपवली आणि दुसरीला हात घातला.

"आजोबा! शुगर!" ती ओरडली आणि पोळी माझ्या हातातून काढून घेतली.

राग गेला होता.